राखाडी रंगाखालची स्कूटर

"कशी काय दिसतेय?" अप्पांनी विचारलं आणि हातातला ब्रश रॉकेलच्या डबड्यात बुडवला.

आम्ही दोघी जावा फाटकातच थबकलो. अक्का घाटापलीकडच्या एका गावात कीर्तन करून आल्या होत्या आणि मी त्यांच्यामागं झांजा धरायला गेले होते. गाव लांबचं, म्हणून एसटीनं. अक्कांच्या खांद्याला चिपळ्यांची झोळी, माझ्या पदरात तिथल्या लोकांनी बांधून दिलेला प्रसाद. शेवटचा गजर अजून कानांतून गेला नव्हता. आणि समोर पेरूच्या झाडाखाली माधवभाऊजींची स्कूटर उभी होती. सकाळी आम्ही निघालो तेव्हा लाल होती. आता राखाडी. खिडक्यांच्या गजांना लावतात ना, तो राखाडी. हँडल राखाडी, मडगार्ड राखाडी, हॉर्नची जाळीसुद्धा राखाडी. नंबरप्लेटवरचा एक आकडा अप्पांच्या ब्रशखाली गेला होता.

"गजांचा रंग उरलाच होता," अप्पा म्हणाले. "म्हटलं, सत्कारणी लावू."

अक्कांनी झोळी खांद्यावरून काढून हातात घेतली.

"अगं, तोंड असं काय करतेस कुमुद? तुझ्यासाठीच केलं हे. पंचांपुढं काय काय ऐकून घेतलं मी! नाना म्हणाले, बाईचं कीर्तन एकवेळ चालेल, पण ती लाल गाडीवर बसून देवळात येणार का? मी म्हटलं, गाडी लाल असेल तर ना!"

आणि ते स्वतःच्या युक्तीवर मनापासून हसले. कपाळाला राखाडी ठिपका लागला होता, तो त्यांना ठाऊक नव्हता.

अप्पा म्हणजे आमचे थोरले दीर. घराचे कर्ते, आणि गावातल्या दत्तमंदिराच्या पंचांपैकी एक. थोरल्या जाऊबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. माधवभाऊजी मधले; अक्का त्यांची बायको. ते होते तोवर आसपास कुठंही कीर्तन असलं की पेटीच्या साथीला तेच; स्कूटरच्या मागच्या सीटवर पेटी दोरीनं बांधायची आणि निघायचं. ते अचानक गेले. वर्षभर अक्का घराबाहेर पडल्या नाहीत. मग सांगलीतल्या एका म्हाताऱ्या बुवांकडे जाऊन कीर्तन शिकल्या, आणि त्याच वर्षी शाळेच्या मैदानावर माझ्या नवऱ्याकडून स्कूटर शिकल्या. कीर्तनाला अप्पांनी हरकत घेतली नाही. स्कूटरलाही नाही. "मी सुधारक आहे," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. त्या वर्षी दत्तजयंतीला जन्मकाळाचं कीर्तन अक्कांना मिळालं तेही अप्पांच्या शब्दावर. आमच्या देवळात त्या गादीवर तोवर बाई उभी राहिली नव्हती. विधवा बाई तर लांबच राहिली.

"इतके दिवस मी याच गाडीवरून गावातून जात होते," अक्का शेवटी म्हणाल्या. "तेव्हा कुणाला लाल दिसली नाही ती?"

"विटली होती तेव्हा. विटक्या गाडीकडे कोण बघतं? पण जन्मकाळाला सगळा गाव लोटणार. उगाच कुणाच्या तोंडाला विषय नको. राखाडी कशी, सोज्वळ दिसते. तुला शोभते."

"मला शोभते," अक्का म्हणाल्या, आणि पाय धुवायला विहिरीकडे गेल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. पूर्वरंग संपवून बुवा पाणी पितात, पेटीवाला उगाच एखादा सूर दाबून बघतो, तेव्हा देवळात जी शांतता असते, तशी शांतता त्या रात्री आमच्या घरात होती. फरक इतकाच, की तिथं पुढं काय येणार ते माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी उत्सव बसला आणि अप्पा मुक्कामालाच देवळात गेले. मांडव, प्रसाद, पाहुणे, सगळं त्यांच्या अंगावर. त्यांचा जेवणाचा डबा मी पोचवायची.

मग आला गुरुवार. दर गुरुवारी सकाळी देवापुढची समई घासायला काढली की तिच्यात उरलेलं तेल अक्का वाटीत ओतून घ्यायच्या आणि त्यात फडकं बुडवून स्कूटर पुसायच्या. ही माधवभाऊजींची रीत. "लाल रंग उन्हाला हळवा," ते म्हणायचे. "त्याला अधूनमधून तेल पाजावं लागतं." खरं तर तेलानं विटका रंग घटकाभर ओला दिसतो, एवढंच. दत्ताचा वार, दत्तापुढचं तेल, म्हणून अक्कांनी ते गेल्यावरही ही रीत मोडली नव्हती.

त्या गुरुवारी मला वाटलं, आज काही त्या गाडीकडे जायच्या नाहीत. पण वाटी घेऊन गेल्या. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते.

"मंदे!" अंगणातून हाक आली. "अगं मंदे, इकडे ये. साय बघ."

"कसली साय?"

"ये तर खरी."

पुढच्या मडगार्डवर त्यांचं नख अडकलं होतं. तिथून राखाडी रंगाचा एक पापुद्रा सुटला होता. त्यांनी तो चिमटीत धरून हलकेच ओढला, आणि दुधावरची साय यावी तसा तो अख्खा वितभर हातात आला. खाली लाल. विटका, पिठूळ, पण लाल.

इतक्या वर्षांच्या गुरुवारांचं तेल त्या पत्र्यात मुरलेलं. अप्पांनी गाडी धुतली नाही, घासली नाही, साधं कोरडं फडकं मारलं नाही. तेलावरच रंग चोपडला. तो धरणार कशाला?

मी दुसरीकडे नख लावलं. सुटला. अक्का हसायला लागल्या. माधवभाऊजी गेल्यापासून त्या कीर्तनात हसायच्या, श्रोत्यांना हसवायच्या, पण ते गादीवरचं हसणं. हे पोटातून आलेलं. आम्ही दोघी उकिडव्या बसून त्या गाडीची कातडी सोलत होतो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतो.

मग हातातला पापुद्रा मी खाली टाकला. "अक्का, अप्पा काय म्हणतील?"

"रंग देताना अप्पांनी मला विचारलं होतं?"

"नाही, पण..."

"मग झालं तर."

"निदान गाडी मागच्या अंगणात तरी नेऊ या. इथं फाटकातून सगळं दिसतंय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मागं कशाला? चोरीची आहे का?"

संध्याकाळी माझा नवरा, मुकुंद, सांगलीहून कामावरून आला तेव्हा गाडी अर्धी लाल, अर्धी राखाडी होती. त्यानं सायकल भिंतीला लावली आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"हा काय अर्धनारीनटेश्वर?"

"मुकुंदभाऊजी, चेष्टा पुरे," अक्का म्हणाल्या. "रंग पहिल्यासारखा कशानं होईल ते सांगा. नवा रंग द्यायचा नाही. आहे तोच हवा."

"आहे तो विटलाय वहिनी."

"वरचा विटलाय. आतला नाही. आज मी ओल्या फडक्यानं जोर लावून घासलं तर फडकं लाल झालं. आत आहे तो."

मुकुंद अप्पांसमोर कधी मान वर करायचा नाही. वडील गेल्यावर अप्पांनीच त्याला शिकवलेला. त्यानं एकदा फाटकाकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या ऑफिसखाली गॅरेज आहे. उद्या विचारून सामान आणतो. पण मी फक्त आणून देणार हं. कुणी विचारलं तर मी सांगलीत होतो."

"तुम्ही तिथंच असता," अक्का म्हणाल्या. "खोटं बोलावं लागणार नाही."

त्यानं आणलं. काळा, बोटांना जेमतेम खरखरीत लागणारा वॉटर पेपर, रबिंगच्या लेपाचा एक डबा, मेणाचं पॉलिश, आणि गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या चार गोष्टी. आधी साबणानं धुऊन तेल पुरतं काढायचं. कागद पाण्यात भिजवून, वर साबणाचं पाणी सोडत, हलक्या हातानं फिरवायचा. पिठूळ थर निघाला की थांबायचं. मग रबिंग. आणि कडांवर जोर द्यायचा नाही, तिथं रंग पातळ असतो, खालचा पत्रा उघडा पडतो.

आम्ही डाव्या बाजूच्या कव्हरापासून सुरुवात केली. कागद फिरवला की आधी गुलाबी दूध वाहायचं. मी घाबरून हात काढून घ्यायची. वाटायचं, सगळा रंगच चालला. वाळल्यावर पत्रा आणखीच मलूल दिसायचा. पण त्यावर रबिंग लावून अक्का फडक्यानं गोल गोल घासायला लागल्या की हळूहळू, आधी बोटाएवढं, मग तळव्याएवढं, खालून लाल वर यायचं. विटकं नाही, गुलाबीही नाही. पिकलेल्या तोंडल्याचा लाल.

अक्का घासताना जन्मकाळाचं आख्यान घोळवायच्या. तीन देव भिक्षेकरी होऊन दत्ताच्या आईच्या दारात उभे राहतात आणि नको ती अट घालतात, तो प्रसंग.

"इथं थांबते मी," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "श्रोत्यांना विचारते, आता या बाईनं काय करावं? दारात आलेल्या अतिथीला नाही म्हणायचं नाही, आणि अट तर अशी! मंदे, तू काय केलं असतंस?"

"मी? मी आत जाऊन रडले असते."

"आणि ती?"

"तिनं देवांची बाळं केली."

"रागावली का?"

"नाही."

"ओरडली?"

"नाही अक्का. तिनं फक्त पाणी शिंपडलं."

"शिंपड मग," त्या म्हणाल्या. "इथं कोरडं पडलंय."

मी हसत तांब्यातलं पाणी सोडलं. दोघींचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. माझे झाले तर कुणाला काही वाटलं नसतं. अक्कांचे पांढऱ्या लुगड्याच्या काठाशी असे दिसत होते, की शेजारच्या काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, बघत राहिल्या, आणि "मिरच्या वाळत घालायच्यात" असं काहीतरी पुटपुटत निघून गेल्या.

पुढच्या मडगार्डच्या कडेला अक्कांचा हात थोडा जास्त पडला. तिथं नखाएवढा पत्रा उघडा झाला.

"अरेरे," मी म्हटलं.

"असू दे. वय झालंय तिचं."

शनिवारी दुपारी मेणाचं पॉलिश लावून झालं. आम्ही दोघी दोन टोकांना बसून मऊ धोतराच्या फडक्यानं पुसत होतो. मडगार्डात पेरूच्या फांद्या दिसत होत्या. फाटक वाजलं. प्रसादासाठी मोठी पितळी परात न्यायला अप्पा आले होते.

ते आधी गाडीकडे नाही, अक्कांच्या हातांकडे बघत राहिले.

"हात बघ तुझे," ते म्हणाले.

"रंग आहे अप्पा. गाडीचा."

"दिसतंय मला. सगळ्या आळीला दिसतंय." त्यांचा आवाज चढला नाही. अप्पा चिडले की आवाज उतरायचा. "कुमुद, मी पंचांना शब्द दिलाय."

"काय दिलाय?"

"की लाल गाडी देवळात येणार नाही."

"तो तुमचा शब्द. माझा कुणी मागितला नव्हता."

"तुझ्यासाठीच भांडलो मी! तुला ती गादी मिळावी म्हणून. पाच जणांपुढं एकटा. आणि तू मला त्यांच्यापुढं तोंडघशी पाडतेस? गाडीच्या रंगापायी?"

"रंगापायी तुम्हीच आणलं हे, अप्पा," अक्का म्हणाल्या. "मी विटकी गाडी चालवत होते. सुखानं चालवत होते. तुम्ही ती राखाडी केलीत तेव्हा मला कळलं, की ती विटली होती म्हणून तुम्हा सगळ्यांना चालत होती. आणि मीही."

अप्पांनी ओसरीवरची परात उचलली, काखेत धरली.

"ठीक आहे. कीर्तन तुझं ठरलंय, ते मी मोडणार नाही. पण या गाडीवरून आलीस तर मी हार घालणार नाही. मग कर काय करायचं ते."

ज्यांनी कीर्तन कधी ऐकलं नसेल त्यांना यातलं काही कळायचं नाही. पूर्वरंग संपला की मध्येच कीर्तन थांबतं. त्या दिवशीचा यजमान उठतो, कीर्तनकाराच्या कपाळी बुक्का लावतो, गळ्यात हार घालतो, पायांवर डोकं ठेवतो. बुवा विशीतला असो आणि यजमान ऐंशीचा, डोकं ठेवायचंच. कारण तो नमस्कार माणसाला नसतो, नारदाच्या गादीला असतो. हार पडल्याशिवाय उत्तररंग नाही. आणि उत्तररंगाशिवाय जन्म नाही. जन्म तर सूर्यास्तालाच व्हायला हवा. त्या वर्षी यजमानपण आमच्या घराकडे होतं. यजमान अप्पा.

"अप्पा," अक्का म्हणाल्या, "हार माझा नसतो."

"ते मला शिकवू नकोस."

"मग कोण घालणार?" हे मी विचारलं. मला वाटलं होतं मनातल्या मनात विचारलंय, पण दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन दहा वर्षं झाली होती. अप्पांशी मी "जेवायला वाढलंय" आणि "पाणी तापलंय" यापलीकडे बोलले नव्हते.

"कुणी नाही," अप्पा म्हणाले.

"घर आपलं आहे ना? यजमान घर असतं ना?" मी फडकं मांडीवर ठेवलं. "मी घालीन."

अप्पा काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता असं नाही. घरातली घडवंची अचानक बोलायला लागल्यावर माणूस जसा बघेल, तसे बघत होते. मग फाटक वाजवून गेले.

"मंदे," अक्का म्हणाल्या, "तू बोललीस."

"बोलले खरी," मी म्हटलं. "आता पाय उभे राहू देत नाहीत."

रविवारी दुपारी अक्का नऊवारी नेसल्या, कमरेला शेला बांधला. हातांचा लाल रंग पुष्कळसा गेला होता. नखांच्या कडांना आणि रेषांत तेवढा राहिला होता. लिंबू लावू का, मी विचारलं. नको म्हणाल्या. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. मी झोळी मांडीवर घेऊन मागं बसले आणि दत्ताचं नाव घेऊन डोळे मिटले.

"डोळे उघड," अक्का पुढून म्हणाल्या. "तुझ्याकडेच बघताहेत लोक. माझी त्यांना सवय आहे."

बाजारातून जाताना पानवाला ओरडला, "वहिनी, नवी घेतलीत का?"

"जुनीच आहे!"

"मग अशी कशी?"

"घासली!"

देवळापुढच्या पटांगणात माणसं उठून उभी राहिली. नाना पंच मांडवाच्या तोंडाशी होते. ते गाडीकडे बघत राहिले, मग अप्पांकडे वळले. अप्पा पाणी शिंपडणाऱ्यांना सूचना देत होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. अक्कांनी गाडी बरोबर पायऱ्यांसमोर, उन्हात लावली, चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि आत गेल्या.

पूर्वरंग असा रंगला की काय सांगू. अक्कांचा आवाज गोड नव्हता, पण खडा होता. शेवटच्या ओळीतल्या बहिऱ्या म्हातारीलाही पोचेल असा. सेवा म्हणजे काय, यावर बोलत होत्या. हातात चिपळ्या, आणि टाळी वाजवली की तळव्यातल्या लाल रेषा दिसायच्या. बायका कुजबुजायच्या, मग दृष्टान्त आला की विसरून हसायच्या. पूर्वरंग संपला. गजर झाला. अक्कांनी चिपळ्या खाली ठेवल्या, दोन घोट पाणी प्यायल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

ताटात हार होता, बुक्का होता, नारळ होता. पुजाऱ्यानं ताट पुढं आणून ठेवलं आणि पुरुषांच्या बाजूला पाहिलं. अप्पा खांबाला टेकून बसले होते. उठले नाहीत.

पेटीवाल्यानं एक सूर धरून ठेवला. थोड्या वेळानं सोडला. पुन्हा धरला. दारातून येणारं ऊन पालखीच्या दांड्यावरून सरकत गाभाऱ्याच्या पायरीशी आलं होतं. देवळात कुणी खोकेना. नाना अप्पांच्या कानाशी काहीतरी म्हणाले. अप्पांनी मान हलवली. आणि अक्का हात जोडून तशाच, नजर समोर, चेहऱ्यावर ना राग ना विनवणी. गादी सोडून कीर्तनकाराला हलता येत नाही. त्यांच्यासाठी आता कुणी तरी दुसऱ्यानंच उठायला हवं होतं.

मी उठले. बायकांच्या बाजूनं पुरुषांच्या बाजूला यायला चार हात जागा होती, पण ती ओलांडताना मला माझ्याच बांगड्यांचा आवाज केवढा तरी मोठा येत होता.

"ओ बाई, कुठं?" नाना म्हणाले. "यजमान पुरुषानं..."

"यजमान आमचं घर आहे," मी म्हटलं. "मी त्या घरातली आहे."

"अप्पा, अहो बोला की!"

मी ताट घेतलं. अक्कांच्या कपाळाला बुक्का लावला. कुंकू गेल्यापासून त्या कपाळाला घरातल्या कुणाचं बोट लागलं नव्हतं. आम्हा बायकांचंही नाही. हार घातला तेव्हा तो शेल्यात अडकला, मी सोडवला. मग खाली वाकून पायांवर डोकं ठेवलं. उठले तर अक्कांनी बुक्क्याचं बोट माझ्या कपाळाला लावलं आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "आता बैस. पडशील."

पेटीनं सूर धरला. उत्तररंग सुरू झाला.

आख्यान मला शब्दन्‌शब्द पाठ होतं, तरी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. ते तीन देव दारात आले तेव्हा अक्का थांबल्या, सगळ्या देवळावरून नजर फिरवली आणि विचारलं, "सांगा, आता या बाईनं काय करावं?" बायकांच्या बाजूनं एक उसासा आला, एकाच वेळी पुष्कळ जणींचा. आणि ऊन पायरीवरून नाहीसं होता होता तिनं पाणी शिंपडलं, पाळण्यावर फुलं पडली, गुलाल उधळला. शंख, घंटा, टाळ्या. माणसं लाल झाली, बायका लाल झाल्या, नानांची टोपी लाल झाली. अप्पांच्या मिशा लाल झाल्या. अक्का गुलालात उभ्या राहून पाळणा म्हणत होत्या.

मग कीर्तनकाराच्या पाया पडायची रांग लागली. सगळं गाव पडतं. मी बाजूला झोळी भरत उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. अप्पांची पाळी आली. ते वाकले, कपाळ पायांना लावलं, आणि वाकल्या वाकल्याच हलक्या आवाजात म्हणाले, "कीर्तन चांगलं झालं. आता एक ऐक. गाडी इथंच ठेव. अंधार पडला की मुकुंद घेऊन येईल. तुम्ही दोघी मागल्या वाटेनं चालत जा. म्हणजे माझंही राहील, तुझंही."

अक्कांनी त्यांच्या कपाळाला बुक्का लावला. "कल्याण असो," त्या म्हणाल्या. तोच आवाज, सगळ्यांना देतात तोच. आणि मग, "नाही अप्पा."

आम्ही पायऱ्या उतरलो. सगळा गाव मांडवात आणि पटांगणात, कुणीही घरी गेलेलं नाही. मार्गशीर्षाचा गारठा पडायला लागला होता. अक्का हार गळ्यात ठेवूनच गाडीवर बसल्या, मी मागं. त्यांनी किक मारली. गाडी नुसती धापली. पुन्हा मारली. पुन्हा तेच. कुणीतरी हसलं. नाना पंच वरच्या पायरीवर येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. मी झोळी घट्ट धरली.

तिसऱ्यांदाही नाही.

तेवढ्यात नानांच्या शेजारून, सगळ्या गावाच्या देखत, अप्पा ओरडले, "चोक! अगं कुमुद, गारठलीय ती! चोक ओढ आधी!"

अक्कांनी मान वळवून वर पाहिलं.

"ओढलाय, अप्पा!" त्या गादीवरच्या आवाजात म्हणाल्या, आणि किक मारली.